किंडल की टॅब? आधी तुमची पुस्तकं बघा

‘किंडल घेऊ की टॅब?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, वाचणार काय आहात? बहुतेक जण डोळ्यांना त्रास कशाने कमी, इथून सुरुवात करतात. मराठी वाचणाऱ्याचा निकाल मात्र पुस्तक कसल्या फाइलमध्ये मिळतं त्यावर लागतो.

डोळ्यांचं आधी उरकून टाकू. किंडलसारख्या ई-बुक रीडरचा पडदा ई-इंकचा असतो. त्यात काळे-पांढरे कण विजेच्या भाराने वर-खाली होतात. पान एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, म्हणून चार्जिंग आठवडे-आठवडे पुरतं. भर उन्हात, एसटीच्या खिडकीशी अक्षर उलट जास्त उठून दिसतं. टॅबमध्ये तिथे स्वतःचाच चेहरा दिसतो. वजनाचं म्हणाल तर किंडल पेपरव्हाइट २०० ग्रॅमच्या आसपास, दहा इंची टॅब साधारण ५००. झोपून वाचताना टॅब एकदा नाकावर आपटला की हा फरक वेगळा सांगावा लागत नाही.

आता पुस्तकं. किंडलवर मराठी ई-बुक्स २०१६ च्या डिसेंबरात आली. जी तिथे आहेत ती वाचायला झकास: अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप नव्याने बसतात. पण बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या साइटवरून घेतलेलं ई-पुस्तक त्यांच्याच अ‍ॅपमध्ये वाचावं लागतं. ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं पीडीएफमध्ये. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयातले जुने ग्रंथ म्हणजे तर पानांचे फोटोच. असं पान सहा-सात इंची पडद्यावर अख्खं बसवलं की अनुस्वार आणि रफार शोधावे लागतात. मोठं केलं की ओळीचं शेपूट पडद्याबाहेर. मग ओळीगणिक पान डावी-उजवीकडे सरकवत बसा. ई-इंक दर वेळी थबकणार, मागची पुसट सावली ठेवणार. तळटीप बघून वर येईपर्यंत वाक्य कुठे सोडलं होतं तेच आठवत नाही. रीडर आडवा धरला तर थोडं निभतं. पीडीएफमधला मजकूर वेगळा काढावा, तर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात जुळवलेल्या पुस्तकातून भलतीच चिन्हं बाहेर पडतात. इथे टॅबला तोड नाही. दिवाळी अंकही टॅबवरच. रंगीत ई-इंक निघालंय, पण त्याचे रंग धुऊन विटल्यासारखे वाटतात.

टॅबची खोट एकच, पण जबर: व्हॉट्सअ‍ॅप. नोटिफिकेशन बंद केलं तरी बोट आपसूक तिकडे वळतं. किंडलवरही ब्राउझर आहे, पण तो इतका रडतखडत चालतो की मोह होतच नाही. माझ्या मते ई-इंकचा खरा फायदा हाच. त्यामुळे कादंबरी असेल तर मी रीडरच उचलतो.

अँड्रॉइडवर चालणारे, बूक्स (Boox) ब्रँडसारखे मोठे ई-इंक रीडरही मिळतात. त्यांच्यावर बुकगंगाचं अ‍ॅप टाकता येतं, पीडीएफही ऐसपैस बसते. मात्र तेवढ्या पैशांत चांगला टॅब येतो, आणि प्ले स्टोअर आलं की व्हॉट्सअ‍ॅपही आलंच.

तेव्हा पैसे घालण्याआधी पुढच्या दहा पुस्तकांची यादी करा आणि प्रत्येकापुढे ते कुठे मिळतं ते लिहा. सात-आठ किंडलवर असतील तर बिनधास्त रीडर घ्या. निम्मी पीडीएफ निघाली तर टॅब, आणि तोही दहा इंचीच. आठ इंचीवर पुन्हा तीच सरकवासरकव.