वर्षभराच्या वर्गणीत काय मिळाले: एका मराठी दैनिकाचे परीक्षण

ऑक्टोबर 2024 च्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या वृत्तपत्र विक्रेत्याने एका मराठी दैनिकाच्या वार्षिक योजनेचा अर्ज हातात ठेवला. पंधराशे रुपये आगाऊ भरायचे, वर्षभर अंक घरपोच मिळणार आणि पहिल्या पानावरची कूपने तक्त्यावर चिकटवून दिली की स्टीलच्या डब्यांचा संच. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागलेली होती, म्हणजे वृत्तपत्र पारखून घ्यायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. मी पैसे भरले. सप्टेंबर 2025 अखेर योजना संपली आणि हे परीक्षण त्या वर्षभराच्या अंकांचे आहे. दैनिकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या दोषाविषयी मला लिहायचे आहे तो या एकट्या दैनिकाचा नाही आणि नाव दिले तर चर्चा त्या नावाभोवतीच फिरत राहील.

आधी सेवेविषयी थोडक्यात. अंक सकाळी साडेसहापर्यंत येतो. पावसाळ्यात दोन-तीनदा भिजलेला आला, पण विक्रेत्याला फोन केल्यावर त्याच दिवशी दुसरा मिळाला. छपाई स्वच्छ आहे, कागद पातळ आहे आणि रविवारची पुरवणी वाचनीय आहे. डब्यांचा संच दीड महिना उशिरा मिळाला आणि एका डब्याचे झाकण बसत नाही. याबद्दल माझी तक्रार नाही, मी वृत्तपत्र डब्यांसाठी घेतलेले नव्हते.

माझी मुख्य अपेक्षा निःपक्षपातीपणाची होती आणि या शब्दाने मला काय अभिप्रेत आहे ते आधी सांगायला हवे. वृत्तपत्राला मत नसावे असे मी म्हणत नाही. अग्रलेखाने बाजू घ्यावी, ती टोकाची असली तरी चालेल, मला न पटणारी असली तर अधिकच चांगले, कारण न पटणारे मत नीट मांडलेले वाचायला मिळावे यासाठी तर आपण पैसे मोजतो. पण बातमीच्या पानावर जे छापले आहे ते बातमीदाराने आणलेले आहे की कोणी पैसे देऊन छापवून घेतलेले आहे, हे मला अंक हातात घेताच कळले पाहिजे. निःपक्षपातीपणाची माझी कसोटी एवढीच आहे.

संपादकीय पान या कसोटीच्या बाहेरचे असले तरी तेथे या दैनिकाला पूर्ण गुण द्यावे लागतील. मार्च 2025 मध्ये मुंबईत खार येथे एका विनोदी कार्यक्रमातील राजकीय विडंबनगीतावरून विनोदी कलाकार कुणाल कामरा यांच्याविरुद्ध गुन्हा दाखल झाला आणि ज्या स्टुडिओत तो कार्यक्रम झाला होता त्याची 23 मार्चला तोडफोड झाली. त्यानंतर या दैनिकाने एकाच पानावर दोन लेख शेजारी शेजारी छापले. एक लेख विनोदाला मर्यादा हवी असे सांगणारा होता, तर दुसरा तोडफोड करणाऱ्यांना कायद्याची मर्यादा का लागू होत नाही असे विचारणारा. माझे स्वतःचे मत दुसऱ्या लेखाच्या बाजूचे आहे. विनोद आवडला नाही तर न्यायालय आहे, टीका आहे, पाठ फिरवणे आहे, खुर्च्या मोडणे हा त्यातला मार्ग नव्हे. तरीही पहिल्या लेखाची मांडणी सरस होती हे मान्य करते. दुसऱ्या लेखात श्रेया सिंघल खटल्याची आठवणही करून दिली होती. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन मजकुरावरून अटकेची वाट मोकळी करणारे, कलम 66 अ रद्द केले, त्या लढाईची सुरुवात आपल्या पालघरमध्ये 2012 साली दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून झालेल्या अटकेने झाली होती. तोडफोडीच्या दुसऱ्याच दिवशी त्या निकालाला दहा वर्षे पूर्ण झाली, हा योगायोग लेखकाने बरोबर हेरला होता.

या दैनिकाचा सर्वांत चांगला काळ मात्र जून 2025 चा. पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला होता, रोज नेत्यांची वक्तव्ये येत होती आणि मूळ शासन निर्णयात काय लिहिले आहे याचा पत्ता कोणालाच नव्हता. या दैनिकाने 16 एप्रिल आणि 17 जून या दोन्ही शासन निर्णयांतील मजकूर चौकटीत समोरासमोर छापला. पहिल्यात हिंदी ‘अनिवार्य’ होती, दुसऱ्यात ती ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा असणार होती आणि दुसरी भारतीय भाषा हवी असल्यास वर्गात किमान 20 विद्यार्थ्यांची अट होती. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला, पण वीसच्या अटीमुळे लहान शाळांत प्रत्यक्षात फरक काय पडणार, हा प्रश्न वार्ताहराने स्वतः उत्तर न देता वाचकासमोर ठेवला. 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले तेव्हा त्या चौकटीमुळे आमच्या घरात तरी नेमके काय मागे घेतले गेले हे सर्वांना ठाऊक होते. वर्गणीतले निम्मे पैसे तेथेच वसूल झाले असे मी धरते.

उरलेल्या निम्म्यांचा हिशेब मात्र लागत नाही.

विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबर 2024 रोजी होते. त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या जिल्हा आवृत्तीच्या तिसऱ्या पानावर एका उमेदवाराच्या पदयात्रेचे तीन कॉलमी वृत्त आले. ‘प्रतिनिधी’ अशी सुरुवात, गर्दीचे छायाचित्र, माताभगिनींनी केलेले औक्षण, विकासाचा महामेरू वगैरे. मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचे काम केले आहे, त्यामुळे डोळा आधी चुकीवर जातो. त्या मजकुरात ‘पदयात्रेत’ऐवजी ‘पदयत्रेत’ असे छापले होते. त्या दिवशी दुपारी वाचनालयात गेले असता दुसऱ्या एका प्रतिस्पर्धी दैनिकात तेच वृत्त दिसले. मथळा वेगळा होता, छायाचित्र वेगळे होते, पण मजकूर शब्दशः तोच होता आणि त्यातही ‘पदयत्रेत’च होते. दोन वृत्तपत्रांचे दोन प्रतिनिधी एकाच पदयात्रेला जाऊ शकतात, दोघांना एकच महामेरू दिसू शकतो, पण दोघांचा काना एकाच ठिकाणी गळत नाही. शिवाय त्या मजकुराचा टंक शेजारच्या बातम्यांपेक्षा किंचित मोठा होता. ‘जाहिरात’ हा शब्द मी भिंगाने शोधला, कोठेही नव्हता. त्या मजकुरामागे पैशाचा व्यवहार होता असे मी म्हणत नाही, कारण पावती माझ्याकडे नाही. उमेदवाराच्या कचेरीतून आलेले पत्रक कोणीही हात न लावता लावून टाकले असेल हेही शक्य आहे. परंतु तसे असेल तर ‘प्रतिनिधी’ हा शब्द तरी खोटा ठरतो.

हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांनी तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविषयीचा एकच मजकूर जसाच्या तसा छापल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिले होते. चव्हाण यांनी आपल्या निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी 5,379 रुपये दाखवले होते. निवडणूक आयोगातील ते प्रकरण 2014 पर्यंत चालले आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा चव्हाण यांच्याविरुद्धचा आदेश रद्द केला, हेही नोंदवले पाहिजे. ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे देऊन बातमी म्हणून छापवून घेतलेला मजकूर, हा शब्द तेव्हापासून आपल्याकडे घरोघरी गेला. वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने 2010 मध्ये या विषयावर सविस्तर अहवाल तयार केला, तो आधी दडवला गेला आणि केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 मध्ये लोकांसमोर आला. आता प्रत्येक जिल्ह्यात निवडणुकीच्या काळात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते आणि संशयास्पद मजकूर तपासणे हे तिचे काम असते. एक काना दोन ठिकाणी गळल्याचे तिच्या लक्षात आले की नाही, ते अंकात कोठे वाचायला मिळाले नाही.

दुसरा अनुभव माझ्या पत्राचा आहे. नक्षलवादी संघटनांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेले विशेष जनसुरक्षा विधेयक 10 जुलै 2025 रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने मंजूर केले. त्याआधी संयुक्त समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना व हरकती गेल्या होत्या. मी वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी दोन परिच्छेदांचे पत्र पाठवले. पहिल्या परिच्छेदात, मूळ मसुद्याच्या उद्देशिकेतील ‘व्यक्ती’ हा शब्द वगळून रोख संघटनांवर ठेवल्याबद्दल समितीचे कौतुक केले होते. दुसऱ्यात, तरीही ‘बेकायदेशीर कृत्य’ या संज्ञेची व्याख्या इतकी सैल राहिली आहे की बोललेला किंवा लिहिलेला शब्दही तिच्यात ओढता येईल, अशी शंका मांडली होती. तीन दिवसांनी पत्र छापून आले. पहिला परिच्छेद पूर्ण होता, दुसरा समूळ नाहीसा झाला होता आणि वर मथळा होता, ‘जनसुरक्षा कायद्याचे स्वागतच!’ त्यातले उद्गारचिन्हसुद्धा माझे नव्हते.

फोन केला तेव्हा डेस्कवरील उपसंपादक अत्यंत सौजन्याने म्हणाले, “ताई, जागेअभावी काटावे लागते हो, तुम्ही तर यातल्याच आहात.” मी यातलीच आहे म्हणूनच मला माहीत आहे की जागेसाठी काटताना दोन्ही परिच्छेदांतून चार-चार ओळी जातात, एक परिच्छेद सबंध जात नाही. मग संपादकांना लेखी कळवले. आठ दिवसांनी पत्र पूर्ण छापले गेले, खुलासा किंवा दिलगिरीचा एक शब्दही न देता. पुन्हा छापले याचे श्रेय देते, अनेक ठिकाणी तेवढेही होत नाही. न छापते तर पुढचा मार्ग प्रेस कौन्सिलचा होता, पण 1978 च्या कायद्याने त्या संस्थेला समज देण्याचा, ताकीद देण्याचा आणि निषेध नोंदवण्याचा अधिकार आहे, दंड करण्याचा नाही, आणि काटलेल्या एका परिच्छेदासाठी दिल्लीशी पत्रव्यवहार करण्याचे माझे वय राहिलेले नाही.

या दोन अनुभवांमागचे कारण मला योजनेच्या अर्जातच दिसते. वर्षाला पंधराशे म्हणजे दिवसाला चार रुपयांच्या आसपास, त्यातून विक्रेत्याचे कमिशन गेले, डबे गेले आणि महिन्याच्या शेवटी रद्दीचे पैसे मलाच परत मिळाले. एवढ्या पैशात सोळा पाने निघत नाहीत. ज्या दिवशी सरकारी योजनांची पानभर जाहिरात जॅकेट म्हणून अंकावर चढते त्या दिवशी खरा ग्राहक कोण, हे आतल्या बातम्यांचे मथळे सांगतात. त्या दिवसांत ‘आरोप’ हा शब्द मथळ्यातून खाली तिसऱ्या ओळीत उतरतो, असे मी वर्षभरात अनेकदा पाहिले. अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या टंकात, मुद्रक-प्रकाशकांच्या नावांसोबत वृत्तनिवडीची जबाबदारी कोणाची ते तारांकित करून दिलेले असते आणि त्याखाली जाहिरातींची खातरजमा वाचकांनी स्वतः करावी अशी सूचना असते. खातरजमा करायला माझी हरकत नाही, फक्त जाहिरात कोणती ते सांगावे.

पाचपैकी गुण द्यायचे तर संपादकीय पानाला साडेचार, राज्याच्या बातम्यांना चार, वाचकांच्या पत्रांना दोन आणि निवडणुकीच्या काळातील जिल्हा पानांना एकही नाही. अग्रलेख आणि शासन निर्णय वाचण्यासाठी हे दैनिक घ्यायला हरकत नाही. आपल्या मतदारसंघात कोणाची हवा आहे हे पाहण्यासाठी घेणार असाल तर शेजारी दुसरे एखादे दैनिक उघडून बसावे आणि काना-मात्रा जुळवाव्यात.

सप्टेंबरअखेर योजनेचा माणूस नवा अर्ज घेऊन आला. यंदा मिक्सर होता. मी योजना घेतली नाही, छापील किमतीने महिन्याच्या महिन्याला अंक टाकायला विक्रेत्याला सांगितले. तो चकित झाला, कारण त्यात माझे नुकसान होते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका तेव्हा तोंडावर आल्या होत्या आणि जिल्हा पानांवर पुन्हा पदयात्रा निघणार होत्या, म्हणून नोव्हेंबर 2024 चे अंक तेवढे मी रद्दीत घातलेले नाहीत. झाकण न बसणाऱ्या डब्याशेजारी, माळ्यावर, त्यांची चळत बांधून ठेवली आहे.