ऑक्टाव्हिया व्हीआरएसचं सस्पेन्शन बदलून आठ महिने: इंदूरचे रस्ते, जाम घाट आणि 9,200 किलोमीटर

राजेंद्रनगरहून निघायचं, महू ओलांडायचं, जाम गेटपाशी पाच मिनिटं थांबायचं आणि घाट उतरून मंडलेश्वरमार्गे महेश्वर गाठायचं. आईला अमावास्येला नर्मदास्नान हवं असतं, त्यामुळे महिन्यातून एकदा हा रस्ता ठरलेला. माझी गाडी 2017 ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, 230 पीएस ताकद, 350 न्यूटन-मीटर टॉर्क. बांधणी कुटुंबाच्या गाडीची, जीव स्पोर्ट्स कारचा. सत्तर हजार किलोमीटर झाल्यावर शॉकर, म्हणजे स्प्रिंगांची उसळी आवरणारी नळकांडी, थकले होते. वळणाच्या मध्यावर रस्ता खचलेला असला की गाडी आधी बाहेर कलायची, मग सावरायची आणि तेवढ्यात नाक बाहेर सरकायचं. वेग फार नसायचा, पण स्टिअरिंग दोनदा दुरुस्त करावं लागायचं. ते दुसऱ्यांदा दुरुस्त करणं मला घालवायचं होतं.

पहिली चूक आधी सांगतो, कारण तीच सगळे करतात. मूळ शॉकर तसेच ठेवून फक्त बुटक्या स्प्रिंगा बसवल्या. गाडी चार सेंटिमीटर खाली आली, दिसायला सुरेख झाली. बसवून देणारा म्हणाला, "भिया, अब सड़क से चिपक के चलेगी." गाडी चिकटली नाही, उसळायला लागली. स्प्रिंग कडक झाली की दबून सुटताना ती जास्त जोराने परत येते आणि तो जोर शॉकरने गिळायचा असतो. थकलेल्या शॉकरला ते झेपेना. त्यात गाडी खाली आल्यामुळे शॉकरची दबण्याची जागा संपली होती. भरल्या गाडीत खड्डा आला की थेट बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळायची, आणि वळणात बंपस्टॉपला टेकली की त्या चाकाची पकड एका क्षणात जायची. पुढच्या महेश्वर फेरीत आई सगळा घाट दारावरचं हँडल धरून बसली आणि घरी आल्यावर दोन दिवस पाठ शेकत होती. त्या स्प्रिंगा मी सहा आठवड्यांत काढल्या.

मग नीट अभ्यास केला. गाडी वळते तेव्हा वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. ते एकूण किती जाणार, हे गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. सस्पेन्शन कितीही कडक केलं तरी ते वजन जायचं थांबत नाही. आपल्या हातात एवढंच असतं की त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने घ्यायचा आणि किती मागच्या. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढच्या बाहेरच्या टायरवर आधीच सगळ्यात जास्त भार असतो, म्हणून नाक बाहेर जातं. मागची बाजू थोडी ताठ केली की मागची जोडी जास्त वाटा उचलते आणि पुढचा टायर मोकळा होतो.

उंचीबद्दलही माझा समज उलटा होता. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकर आणि स्प्रिंगची एकत्र उभी जोडणी) असलेली गाडी खूप खाली आणली की चाकाला धरणारा खालचा आर्म आडवा होऊन वर तिरपा जातो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीपेक्षा जास्त खाली जातो. म्हणजे गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर उतरला तरी कलण्याची तरफ उलट लांबते. गाडी बसकी दिसते आणि जास्त कलायला बघते. त्यामुळे ठरवलं, गाडी तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली आणायची नाही.

शेवटी घेतलं ते असं. बिलस्टाइन बी8 शॉकर आणि आयबाख प्रो-किट स्प्रिंगा. हे दोन्ही बी12 नावाच्या एका संचात मिळतात आणि बी8 मुळातच बुटक्या स्प्रिंगांसाठी आखूड केलेला आहे. मागे एचअँडआर कंपनीचा जाड अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं आवरणारी आडवी दांडी. पुढचा बार मूळचाच. चारही टायर मिशेलिन पायलट स्पोर्ट 4, मूळ मापाचेच. टायर धरून खर्च सव्वादोन लाखांच्या वर गेला, आणि सगळ्यात आधी टायर बदलले. ज्यांचे टायर पाच वर्षं जुने आहेत त्यांनी बाकी कशालाही हात लावायच्या आधी तेवढंच करावं.

बसवणं सरळ झालं नाही. पहिल्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी चुकल्या. स्ट्रटच्या वरच्या टोकाचे, म्हणजे टॉप माउंटचे, जुनेच बेअरिंग परत लावले. तिसऱ्या दिवसापासून पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की डाव्या चाकातून "टण्ण" असा आवाज. बॉनेट उघडून मी स्ट्रटच्या माथ्यावर हात ठेवला आणि बायकोला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. स्प्रिंग बेअरिंगवर गोल फिरायला हवी, ती पिळ घेत राहायची आणि मग एकदम सुटायची. तो झटका तळहाताला स्पष्ट लागायचा. नवे बेअरिंग टाकल्यावर आवाज गेला. दुसरी चूक जास्त महागात पडली. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच आर्मचे बोल्ट आवळले. आर्मच्या टोकाला रबराचा बुश असतो, तो बोल्टभोवती फिरत नाही, पिळला जातो. लोंबकळत्या अवस्थेत आवळला की गाडी जमिनीवर येताच तो कायमचा पिळलेला राहतो. चार महिन्यांत खालच्या आर्मचा एक बुश फाटला. आता दुसऱ्या ठिकाणी काम करून घेतलं. तिथल्या उस्तादाने आधी चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचं अंतर टेपने मोजून खडूने लिहिलं, जॅकने चाक तेवढं वर उचललं आणि मग बोल्ट आवळले. वर्कशॉप निवडताना हा एकच प्रश्न विचारा: बोल्ट कोणत्या उंचीवर आवळणार?

अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन लावून घ्यायला, मी दोनदा गेलो. या गाडीत मागे मल्टिलिंक (एकेका चाकाला अनेक आर्म) आहे, त्यामुळे मागचा कॅम्बर (चाक उभ्यात किती तिरपं) आणि टो (चाकाचं तोंड किती आत-बाहेर) दोन्ही बदलता येतात. खाली आल्यावर मागचा कॅम्बर उणे 2 अंश 10 मिनिटांवर गेला होता, तो उणे 1 अंश 30 मिनिटांवर आणला. नाहीतर टायर आतल्या कडेने झिजतो आणि ते वरून बघताना दिसत नाही. पुढचा टो जवळजवळ शून्य, मागे किंचित आत. पाचशे किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसतात, म्हणून परत एकदा तपासलं. हेडलाइटही खाली बघायला लागले होते, कारण उंची मोजणाऱ्या सेन्सरला गाडी मागून लादलेली वाटत होती. ते स्कॅनरवर परत सेट करून घ्यावं लागलं.

आता मुख्य गोष्ट. जाम गेटची कमान मागे पडली की घाट निमाडात उतरायला लागतो. तिथे उजवीकडे वळणारं एक वळण आहे, ज्याच्या मध्यावर रस्ता आडवा खचलाय. वेग चाळीस-पंचेचाळीसचा, समोरून बस येऊ शकते म्हणून हॉर्न वाजवूनच शिरायचं. पूर्वी तिथे गाडी दबायची, उठायची, परत दबायची. आता ती एकदा दबते आणि तिथेच थांबते. स्टिअरिंग जिथे धरलंय तिथेच राहतं, पुढचं चाक ठरलेल्या रेषेवर जातं. वळणाच्या शेवटी थोडा ॲक्सिलरेटर दिला तर नाक बाहेर जात नाही, मागची बाजू हळूच सोबत वळते. पहिल्यांदा हे जाणवलं तेव्हा खाली मंडलेश्वरला पोचल्यावर गाडीतून उतरून मी उगाचच पुढच्या टायरवर हात फिरवला होता.

शहरात मात्र किंमत मोजावी लागते. सुपर कॉरिडॉर आणि रिंग रोडवर गाडी शहाण्यासारखी चालते, पिपल्याहाना पुलाचे सांधे एकेका ठोक्यात पार होतात. पण कॉलनीतल्या गल्लीत, वीसच्या आतल्या वेगात, बारीक खड्डे कळतात. दाबाखाली वायू भरलेले शॉकर मंद वेगात तसे असतातच. टायरचा दाब दोन पीएसआयने कमी ठेवून बघितलं, फरक पडला, पण वळणातला तीक्ष्णपणा गेला, म्हणून परत मूळ दाबावर आलो. स्पीडब्रेकर तिरपा घ्यावा लागतो. पाच माणसं आणि डिकी भरलेली असेल तर आमच्या गल्लीच्या तोंडावरचा घरगुती सिमेंटचा ब्रेकर खालून घासतो. तिथे मी मागच्यांना उतरवतो.

पावसाळ्यात एक गोष्ट शिकलो. मागचा बार दोन भोकांचा आहे, कडक आणि नरम. मी सुरुवातीला कडक ठेवला होता. आषाढात खंडवा रोडवर सिमरोलच्या उतारावर ओल्या वळणात ॲक्सिलरेटर सोडला आणि मागची बाजू बोटभर बाहेर गेली. घरी येऊन त्याच दिवशी नरम भोकात टाकला. तेव्हापासून तो तिथेच आहे. कोरड्यात थोडी धार कमी होते, पण मागे आई आणि मुलगी बसलेल्या असतात. ज्यांचा बार नवीन आहे त्यांनी नरम भोकापासूनच सुरुवात करावी.

विम्याच्या कंपनीला सगळे बदल लेखी कळवले आणि बिलं जपून ठेवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत. उंची फार कमी करणाऱ्यांनी ते कलम वाचून मगच पैसे भरावेत.

गेल्या अमावास्येला आई महूनंतर झोपली ती थेट मंडलेश्वरला उठली. घाट केव्हा संपला, म्हणून विचारत होती.

मूळ शॉकर, स्प्रिंगा आणि मागचा जुना बार वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. कोणत्या बाजूचा कोणता, ते मार्करने लिहिलंय. फाटलेला बुशही त्यातच आहे, कुणाला बघायचा असेल तर दाखवीन.