अमेरिकन लिटरेचरचं रिव्ह्यू वर्कबुक : शाळेचं वर्षभर वापरल्यानंतर

इथे न्यू जर्सीत बऱ्याच हायस्कूलांत अकरावीचं इंग्लिश म्हणजे अमेरिकन लिटरेचर. लेक यंदा अकरावीत, त्यात एपी लँग्वेज (हायस्कूलमध्येच करायचा कॉलेजच्या पातळीचा इंग्लिशचा कोर्स) घेतलेलं. म्हणून सप्टेंबरात एक जाडजूड रिव्ह्यू वर्कबुक आणलं. क्लासिक्स, लिटररी डिव्हायसेस (यमक, अनुप्रास अशा साहित्यातल्या युक्त्या) आणि ग्रामर तिन्ही एकात, वर फ्लॅशकार्डांचा डबा. प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाही. या जातीची पुस्तकं दुकानात ओळीने मांडलेली असतात आणि आतून सगळी सख्खी भावंडं.

आधी निकाल सांगून टाकते. ग्रामरसाठी डोळे झाकून घ्या. साहित्यासाठी घेत असाल तर पैसे वाचवा.

ग्रामरचा भाग खरंच मन लावून केलाय. नियम अर्ध्या पानात, मग उदाहरणं, आणि उत्तरांच्या पानांवर बरोबर पर्याय का बरोबर एवढंच नाही, तर बाकीचे तीन का चूक हेही लिहिलंय. कॉमा स्प्लाइस, म्हणजे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं, ही लेकीची जुनी खोड. ती दिवाळीपर्यंत बरीचशी गेली. डँगलिंग मॉडिफायरचं, म्हणजे वाक्यातला तुकडा भलत्याच कर्त्याला जाऊन चिकटण्याचं, प्रकरण मात्र आमच्यासारख्या घरांत जास्त नडतं, असं माझं मत. ‘शाळेतून येताना पाऊस लागला’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे, कोण येत होतं ते ऐकणाऱ्याला कळतं. याच घडणीचं वाक्य इंग्लिशमध्ये केलं की शाळेतून पाऊसच चालत येतो! पुस्तकात अशा वाक्यांचा मोठा सराव आहे आणि तो पुन्हा पुन्हा करून घेण्यासारखा आहे. एसएटीच्या, म्हणजे इथल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, रीडिंग अँड रायटिंग भागात 64 मिनिटांत 54 प्रश्न असतात, आणि विरामचिन्हं, क्रियापदं, वाक्यरचना यांवरचे प्रश्न त्यातले बरेच. तिथे हा सराव सरळ कामी आला.

एक गोष्ट मात्र डोक्यात गेली. ‘चूक सुधारा’च्या एका संचात हकलबेरी फिन या कादंबरीच्या सुरुवातीचं ‘एन्ट नो मॅटर’ (काही बिघडत नाही) घातलंय. डबल निगेटिव्ह, म्हणजे एकाच वाक्यात दोन नकार, म्हणून चूक! अहो, तो गोष्ट सांगणाऱ्या हकचा आवाज आहे. मार्क ट्वेनने कादंबरीच्या आरंभीच टीप दिलीय की यात अनेक बोली वापरल्यात आणि त्या अंदाजपंचे नाहीत, कष्टाने साधलेल्या आहेत. 1885 साली अमेरिकेत निघालेल्या त्या पुस्तकाची अर्धी किमया या बोलीत आहे, आणि इथे तिलाच लाल शाई.

डिव्हायसेसची कार्डं सुटसुटीत आहेत. एडगर अॅलन पोच्या ‘द रेव्हन’ या कवितेवरचं कार्ड सगळ्यात छान: ओळीच्या मध्यात येणारं यमक, ‘स’ची सळसळ आणि आठ-आठ पावलांची ट्रोकेइक (प्रत्येक पावलात आधी जोरदार, मग हलकं अक्षर) ओळ एकाच कडव्यात रंगांनी दाखवलीय. आईबाबांसाठी एक सूचना. आपण वृत्त म्हटलं की लघु-गुरू शोधायला लागतो. इंग्लिशमध्ये आघात मोजायचा, जोरदार-हलकं, जोरदार-हलकं. टेबलावर ठेका धरून मोठ्याने वाचलं की बसतं; आमच्याकडे धाकट्याचंही पाठ झालं.

पण कार्डं नाव ओळखायला शिकवतात आणि तिथेच थांबतात. एपीच्या र्‍हेटॉरिकल अ‍ॅनालिसिस निबंधात ‘इथे अ‍ॅनाफोरा आहे’ (अॅनाफोरा म्हणजे लागोपाठच्या वाक्यांच्या आरंभी तेच शब्द पुन्हा येणं) म्हणून गुण पडत नाहीत. लेखकाने तो कशासाठी वापरला, त्याने काय साधलं, ते लिहावं लागतं. त्याचा सराव पुस्तकात जवळजवळ नाही. तो शाळेतल्या बाईंनीच करून घेतला.

साहित्याचा भाग म्हणजे सारांश, पात्रांचे तक्ते आणि ‘प्रतीक – अर्थ’ अशा जोड्या. नमुना बघा. द ग्रेट गॅट्सबी, हिरवा दिवा : अमेरिकन ड्रीम. संपलं. कादंबरीत पहिल्या प्रकरणाच्या शेवटी गॅट्सबी अंधारात पाण्यापलीकडे डेझीच्या घराच्या धक्क्यावर असलेल्या त्या दिव्याकडे हात पसरून उभा असतो. पाचव्या प्रकरणात ही डेझी, त्याची जुनी प्रेयसी, त्याच्या शेजारी उभी असते, तो तिला त्या दिव्याबद्दल सांगतो, आणि गोष्ट सांगणाऱ्या निकच्या लक्षात येतं की दिव्याची जादू सरली, आता तो धक्क्यावरचा साधा दिवा झाला. शेवटच्या पानावर तोच दिवा पुन्हा येतो, या वेळी आपल्या सगळ्यांचा होऊन. वर्गात चर्चा या बदलाचीच होती, आणि तक्त्यात त्याचा मागमूस नाही. गॅट्सबी 2021 पासून अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहे, नेटवर फुकट मिळते आणि काही फार मोठी नाही. सारांश वाचण्यात जाणारा वेळ पुस्तकालाच द्यावा.

एमिली डिकिन्सनच्या बाबतीत तर फसवणूकच वाटली. मृत्यूच्या गाडीची ती प्रसिद्ध कविता पुस्तकात ‘द चॅरिअट’ नावाने छापलीय, डॅश गायब, मधलं एक कडवं गायब. तिने शीर्षक दिलंच नव्हतं. ही 1890 ची आवृत्ती, तिच्या मृत्यूनंतर संपादकांनी नीटनेटकी केलेली. मूळ हस्तलिखितांना धरून असलेला पाठ 1955 मध्ये थॉमस जॉन्सनने काढला, बहुतेक शाळांत तोच किंवा त्यानंतरचा चालतो. जुना पाठ फुकट छापता येतो, तेवढंच कारण असावं. आणि कळस म्हणजे त्याच पानावर प्रश्न : ‘कवयित्रीच्या डॅशच्या वापराचा परिणाम सांगा.’ लेक म्हणाली, ‘आई, कुठले डॅश?’

कागद पातळ आहे, हायलायटर मागे उमटतो. पेन्सिल वापरा. कार्डांचा डबा पहिल्या महिन्यातच फाटला, आता ती चकलीच्या डब्यात आहेत.

कुणाकडून जुनी प्रत घेणार असाल तर आवृत्तीचं साल बघा. 2024 पासून इथली एसएटी कॉम्प्युटरवर झालीय आणि उतारे जेमतेम एका परिच्छेदाचे, प्रत्येकावर एकच प्रश्न. त्याआधीच्या पुस्तकांत पानभर उतारे आणि त्यांवर दहा-दहा प्रश्न असायचे. ग्रामरचे धडे जुन्यातलेही चालतील, सराव परीक्षा मात्र नव्याच घ्या.