स्टँडर्ड की प्रिसिजन? ब्रिजच्या नव्या जोडीसाठी

मेंढीकोट आणि लॅडीज खेळून हात तयार झालेला माणूस ब्रिजकडे वळला की पत्ते त्याला अडवत नाहीत. हुकूम कधी काढायचा, उतारी कुठल्या रंगाची करायची, हे डोंबिवली फास्टमध्ये चौघांच्या मांडीवर ब्रीफकेस टेकवून खेळता खेळता अंगात मुरलेलं असतं. गाडी अडते ती बोलीपाशी, म्हणजे किती हात करणार आणि कुठला हुकूम, हे खेळाआधी पुकारायचं तिथे. दादरला आमच्या टेबलावर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नव्या जोडीचा प्रश्न एकच असतो: बोलीची स्टँडर्ड अमेरिकन पद्धत शिकायची की प्रिसिजन?

मी दोन्ही खेळलोय, दोन्हींत मार खाल्लाय. त्यामुळे मला निःपक्ष समजू नका.

गुण मोजायची रीत दोन्हीकडे तीच. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, चारही हात मिळून ४०. फरक आहे तो पहिल्या बोलीत किती गुण कोंबायचे यात. स्टँडर्डमध्ये ‘१ इस्पिक’ (इस्पिक हुकूम, सहा अधिक एक असे सात हात) म्हणजे किमान पाच इस्पिक आणि १२ पासून थेट २१ पर्यंत काहीही. समतोल हात आणि १५ ते १७ गुण असतील तर १ नो ट्रम्प, म्हणजे हुकमाशिवाय. प्रिसिजनमध्ये १६ किंवा जास्त गुण आले की हातात कुठलाही रंग असो, बोली ठरलेली: १ किलवर. त्या बोलीचा किलवरशी काही संबंध नाही. मोठे हात असे बाजूला काढल्यामुळे बाकीच्या बोल्या १५ पाशी थांबतात. १ इस्पिक म्हणजे पाच इस्पिक आणि ११ ते १५. १ नो ट्रम्प १३ ते १५.

ही पद्धत सी. सी. वेई या जहाज व्यवसायातल्या माणसाने बसवली. ती खेळून तैवानचा संघ १९६९ मध्ये बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा कुठे जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. तिचा खरा फायदा १ किलवरमध्ये आहे असं नवशिक्यांना वाटतं. तसं नाही. १६ वर गुण साधारण दहा हातांत एकदा येतात. फायदा आहे तो उरलेल्या नऊंमध्ये. पार्टनरने १ इस्पिक म्हटलं, तुमच्याकडे ९ गुण आणि एकच इस्पिक, तर बिनधास्त पास म्हणा, कारण गेमला (४ इस्पिकसारख्या, बोनस देणाऱ्या बोलीला) लागणारे २५ गुण होणंच शक्य नाही. स्टँडर्डमध्ये तिथे पास म्हणायची सोय नाही. समोर २० असले तर? मग १ नो ट्रम्प म्हणावं लागतं आणि कधी कधी त्यातच रुतायला होतं. उलट तुमच्याकडे पाच इस्पिक असतील तर ४ इस्पिकवर सरळ उडी मारता येते. ती उडी ताकदीची की नुसती वाट अडवणारी, हे डाव्या-उजव्या दोघांनाही कळत नाही.

आता किंमत. प्रिसिजनमध्ये १ चौकट ही अडगळीची खोली आहे. जे कुठेच बसत नाही ते तिथे टाकायचं, मग चौकट दोनच असल्या तरी. २ किलवर म्हणजे खरे किलवर, सहसा सहा. आणि २ चौकट म्हणजे चौकटच नाही: बाकी तिन्ही रंगांत चार-चार पानं आणि चौकटचं एखादंच. हे घरी तोंडपाठ असतं. ऑफिस करून, ठाण्याहून उभ्याने प्रवास करून रात्री आठला टेबलावर बसलं की आठवत नाही. मी एकदा नियमानुसार २ चौकट म्हटलं आणि माझा पार्टनर, हिशेबात एरवी पक्का माणूस, ती कमकुवत हाताची सहा पानांची बोली समजून पास म्हणाला. त्याच्याकडे दोन चौकट, माझ्याकडे एक. हुकमाची दहा पानं पलीकडे. प्रतिस्पर्ध्यांनी दंड वाढवणारं डबलही दिलं नाही, इतके ते सुखात होते. आठ हात करायचे होते, झाले तीन. व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही वाढलेले) नव्हतो म्हणून उणे २५० वर सुटलो.

आता एक डाव दोन्ही पद्धतींनी मांडून बघू. दक्षिण-उत्तर एक जोडी, पूर्व-पश्चिम दुसरी. दक्षिणेकडे इस्पिकचे एक्का, राजा, गुलाम, ८, ४. बदामाचे राजा, राणी, ५. चौकटचे एक्का, राणी, ६. किलवर ९, ३. एकूण १९. उत्तरेकडे इस्पिक १०, ७, ५, २. बदामाचा गुलाम, ८, ३. चौकटचा राजा, ९, ४. किलवरचा राजा, ८, ४. एकूण ७.

प्रतिस्पर्धी गप्प असतील तर स्टँडर्डवाले तीन बोल्यांत मुक्कामी पोहोचतात: १ इस्पिक, २ इस्पिक, ४ इस्पिक. प्रिसिजनवाले जरा फिरून जातात. १ किलवर, त्यावर १ चौकट म्हणजे ० ते ७ गुण, मग १ इस्पिक, २ इस्पिक, ४ इस्पिक. मुक्काम तोच, पण वाटेत डमी (टेबलावर उघडा पडणारा पार्टनरचा हात) किती दुबळी आहे हे सगळ्यांना सांगून झालेलं असतं.

टेबल मात्र नेहमी गप्प नसतं. प्रिसिजनचं १ किलवर ऐकलं की अनुभवी प्रतिस्पर्ध्याला उडी मारायची हुक्की येतेच. गुण तुमच्याकडे आहेत हे तुम्हीच सांगितलंय, तुमचा रंग मात्र अजून सांगितलेला नाही. समजा पश्चिमेने सहा किलवरांवर ३ किलवर म्हटलं. उत्तरेला ७ गुणांत पास म्हणावंच लागतं. दक्षिणेला आपला रंग पहिल्यांदा सांगायचाय तो तिसऱ्या पायरीवर. ३ इस्पिक, मग उत्तरेचं ४ इस्पिक. या वेळी जमलं. पूर्वेने आणखी रेटून ५ किलवर म्हटलं असतं, तर दक्षिणेच्या तोंडून ‘इस्पिक’ हा शब्द बाहेर पडण्याआधीच बोली पाचव्या पायरीवर गेली असती. स्टँडर्डमध्ये इस्पिक पहिल्याच बोलीत टेबलावर असतात. पश्चिमेने मध्ये तोंड घातलं तरी उत्तर शांतपणे ३ इस्पिक म्हणू शकते. इथे स्टँडर्ड सरळ सरस आहे, आणि माझ्या मते नव्या जोडीने सगळ्यात जास्त वजन याच गोष्टीला द्यावं.

मात्र या गोंगाटाची थोडी भरपाई खेळताना मिळते. वरच्या डावात पश्चिमेने किलवरची राणी उतरली. एक्का पूर्वेकडे आहे, त्यामुळे किलवरचे दोन हात जातात. बदामाचा एक्का तिसरा. आता इस्पिकची राणी गमावली की बोली बुडाली. तुमच्याकडे नऊ इस्पिक, पलीकडे चार. आठ पानं असतील तर फिनेस (राणी आधी खेळणाऱ्याकडे आहे असं धरून गुलाम घालणं), नऊ असतील तर वरून एक्का-राजा वाजवा, हे पढवलेलं वाक्य ब्रिज शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यातच भेटतं. पण ते सगळे गप्प होते तेव्हासाठी आहे. एक्का वाजवला, दोघांनी छोटं पान टाकलं. चौकटच्या राजाने डमीत गेलात, तिथून इस्पिक खेळलात, पूर्वेने पुन्हा छोटं टाकलं. उरली फक्त राणी. पश्चिमेची बारा पानं अज्ञात, पूर्वेची अकरा. म्हणजे राणी पश्चिमेकडे असण्याची शक्यता २३ मध्ये १२, ५२ टक्क्यांच्या आसपास. राजा वाजवा.

पश्चिमेने ३ किलवर म्हटलं असेल तर मोजणी बदलते. त्याची सहा किलवर आणि एक इस्पिक कळली, राहिली सहा पानं. पूर्वेची दोन किलवर आणि दोन इस्पिक कळली, राहिली नऊ. राणी पूर्वेकडे असण्याची शक्यता १५ मध्ये ९, म्हणजे ६० टक्के. आता गुलाम घाला. पत्ते तेच, चाल उलटी, आणि ते शिकवलं प्रतिस्पर्ध्याच्या आगाऊपणाने. स्टँडर्डच्या १ इस्पिकवर एवढ्या हलक्या हातावर तो कदाचित बोललाच नसता. म्हणून प्रिसिजन घेणार असाल तर पानं मोजायची सवय आधी लावा. नाहीतर गोंगाटाचा तोटा तेवढा तुमच्या वाट्याला येईल.

तुम्ही कुठल्या प्रकारच्या स्पर्धा खेळणार, तेही बघा. टीमच्या सामन्यात तेच पत्ते दोन टेबलांवर खेळतात. तिथे व्हल्नरेबल असताना ४ इस्पिक जमलं आणि दुसऱ्या टेबलावर ते खालीच थांबले, तर ६२० वजा १७०, फरक ४५०, म्हणजे १० इम्प (टीमच्या सामन्यातले गुण). बुडालं तर तुमचे १०० आणि त्यांचे १४०, फरक २४०, म्हणजे ६ इम्प. सोळात सहा, साडेसदतीस टक्के शक्यतेवरही गेम बोलायला परवडतं. व्हल्नरेबल नसाल तर हाच आकडा पंचेचाळीसवर जातो. पेअर्समध्ये, म्हणजे जोड्यांच्या स्पर्धेत, कितीने हरवलं याला अर्थ नाही, किती जोड्यांना हरवलं तेवढंच मोजतात, म्हणून तिथे पन्नास टक्के लागतात. आणि पेअर्समध्ये ११ ते १५ गुणांचे किरकोळ डावच निकाल ठरवतात. प्रिसिजनच्या आखूड बोल्या तिथे चांगल्या चालतात.

तरी आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या जोडीला मी स्टँडर्डच सुचवेन, निदान पहिलं वर्षभर. ऑनलाइन अनोळखी पार्टनरबरोबर बसणार असाल तर प्रश्नच नको. तिथे ‘पिवळ्या कार्डा’ची, म्हणजे ठरावीक बोल्यांची, स्टँडर्ड बहुतेकांना येते. प्रिसिजन घ्यावी ती नवरा-बायकोने, किंवा रोज ८:१२ ला एकाच डब्यात चढणाऱ्या दोघांनी, ज्यांना बोल्यांची उजळणी करायला सव्वा तास फुकट मिळतो. दोघांतला जो जास्त विसराळू, त्याला झेपेल तीच पद्धत धरा. हुशार पार्टनरच्या हौसेखातर प्रिसिजन घेतलेल्या दोन जोड्या मी मोडताना पाहिल्यात. त्यातली एक सख्ख्या भावांची होती.

अॅकॉल या तिसऱ्या पद्धतीचं काय, असं कुणी तरी विचारतंच. १२ ते १४ चा कमकुवत नो ट्रम्प आणि चार पानांवर बदाम-इस्पिक. मजेची आहे, पण ती जाणणारा पार्टनर आधी शोधावा लागेल.

आम्ही स्वतः बुधवारी स्टँडर्ड खेळतो आणि रविवारी टीम असेल तर प्रिसिजन. फक्त ती २ चौकट आमच्या बोल्यांच्या कार्डावरून खोडून टाकलीय. तसा हात आला की मी एका चौकटवरच १ चौकट म्हणतो, पार्टनर टेबलावर अलर्टचं (बोलीचा अर्थ वेगळा आहे असं सांगणारं) कार्ड ठेवतो, आणि समोरच्याने विचारलं की न हसता सांगतो, ‘चौकट एखादीच असेल, कदाचित तीही नसेल.’