तयार स्लाइडची पेटी : स्नायू आणि कास्थी शिकवायला घ्यावीच

घाटंजी तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवतो. दिवाळीत नागपूरला गेलो तेव्हा प्राण्यांच्या ऊतींच्या २५ तयार स्लाइडची पेटी घेतली, ९५० रुपयांना. दुकानदाराने पेटी फोडून दोन स्लाइड आपल्या सूक्ष्मदर्शकात दाखवल्या, म्हणून भरवसा बसला.

पैसे वसूल करते ती कंकाल स्नायूची, म्हणजे हाडांना जोडलेल्या स्नायूची स्लाइड. आमच्याकडे दुपारी लाइन जाते, त्यामुळे सूक्ष्मदर्शक खिडकीशी ठेवून आरशानेच उजेड घ्यावा लागतो. १० च्या भिंगातून नुसते गुलाबी धागे दिसतात. ४५ चं भिंग लावून बारीक स्क्रू हळूच फिरवला की धाग्यावर आडवे पट्टे उमटतात, आणि धाग्याच्या कडेकडेने जांभळी, लांबट केंद्रकं. रंग इतका स्वच्छ बसलाय की मुलांना बोट दाखवून सांगावं लागत नाही.

“सर, एकाच धाग्यात इतके केंद्रकं आले कुठून?” कापूस वेचणीतून आठवड्याने वर्गात आलेल्या मुलीने पहिल्याच नजरेत विचारलं. मला भरून आलं, कारण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले शास्त्रज्ञ हॉवर्ड होल्टझर याच प्रश्नामागे लागले होते. एकच केंद्रक धाग्याच्या आत विभागत जातं, की सुट्या पेशी एकमेकींत मिसळतात? १९६१ मध्ये त्यांनी आणि फ्रँक स्टॉकडेल यांनी कोंबडीच्या गर्भातल्या पेशींना किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा एक घटक) दिलं. नवा डीएनए तयार करणारं केंद्रकच ते उचलतं. सुट्या पेशींनी ते उचललं, धाग्यातल्या केंद्रकांनी नाही. पुढे त्याच खूण लागलेल्या पेशी धाग्यात मिसळलेल्या सापडल्या. म्हणजे स्नायूपेशी आधी विभागणं थांबवते, मग धाग्यात सामील होते. घरी अंड्यांवर बसलेली कोंबडी रोज बघणाऱ्या पोरांना हे झटकन उमगलं.

कास्थीची स्लाइडही उत्तम. निळसर आधारद्रव्यात छोट्या पोकळ्या आणि एकेकीत एक-दोन पेशी. मी मुलांना स्वतःच्या कानाचा वरचा भाग दुमडायला लावतो, मग भिंगाशी बोलावतो. ही पेशी स्वतःभोवती हे द्रव्य तयार करते. १९६० मध्ये होल्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाच्या मणक्यातल्या अशा पेशी सुट्या करून वाढवल्या, तर संख्या वाढता वाढता त्यांनी ते द्रव्य करणंच सोडलं. तयार झालेली पेशीही आपलं काम विसरू शकते, हे मुलांना कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त लक्षात राहतं. त्यांचेच विद्यार्थी हॅरॉल्ड वाइनट्रॉब. वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेने १९८७ मध्ये मायो-डी हे जनुक शोधलं. ते दिलं की संयोजी ऊतीतली पेशीसुद्धा स्नायूच्या वाटेला लागते.

तक्रारी दोन. हृदयस्नायूचं लेबल लावलेल्या स्लाइडवर निघाला अरेखित स्नायू: ना पट्टे, ना फाटे. फोटो पाठवल्यावर दुकानाने बदली स्लाइड दिली, पण तीन आठवडे गेले आणि तोवर तो धडा संपला होता. घेतल्या दिवशीच सगळ्या स्लाइड तपासून घ्या. दुसरी उणीव जास्त टोचते. पेटीत कोंबडीच्या गर्भाचा एकही काप नाही, आणि स्नायू नि कास्थी घडताना तर तिथेच दिसतात. ४८ आणि ७२ तासांच्या गर्भाच्या स्लाइड मी वेगळ्या मागवल्यात. त्या येईस्तोवर फळ्यावर खडूने काढून भागवतोय.