वक्तृत्वाची तयारी: मोबाइल, विश्वकोश की जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे?

वक्तृत्व स्पर्धेचा विषय जाहीर झाला की पहिला हात मोबाइलकडे जातो. त्यात गैर काही नाही. पण एकाच विषयावरची पंधरा भाषणे ओळीने ऐकली की त्यांतली निम्मी एकाच पानावरून उचललेली आहेत हे परीक्षकाला चटकन कळते. तेच सुभाषित, तेच तीन आकडे, तीच वाक्ये. ग्रंथालयात जावे का आणि गेलो तर कुठल्या कपाटाशी बसावे, असे मुले विचारतात तेव्हा मी एकच विषय घेऊन सांगतो: १९७२ चा दुष्काळ.

मोबाइलवर दहा मिनिटांत विषयाचा सांगाडा मिळतो. दुष्काळ, रोजगार हमी योजना, तिच्यामागचे वि. स. पागे, राज्याचा १९७७ चा कायदा, पुढे केंद्राचा २००५ चा. एवढ्यासाठी एसटी पकडून जिल्ह्याच्या गावी जायची गरज नाही. अडचण असते ती खात्रीची. कोणी कोणाचे उतरवून घेतले याचा पत्ता लागत नाही, आणि बारीक फरक तर हमखास गळतात. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, पण तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. या दोन तारखांची सरमिसळ मी भाषणांत वरचेवर ऐकतो.

मराठी विश्वकोश त्याहून कितीतरी भरवशाचा. नोंद जाणकाराने लिहिलेली असते, खाली त्याचे नाव असते, आणि बऱ्याच नोंदींखाली संदर्भग्रंथांची यादी असते. ही यादीच खरी कामाची: ती उतरवून ग्रंथपालांपुढे ठेवली की पुढची पुस्तके निघतात. मात्र पहिला खंड १९७६ चा आहे हे विसरू नये. व्याख्या, कारणे, इतिहास तिथून घ्यावा. लोकसंख्येचे, पिकांचे आकडे घेऊ नयेत. शिवाय विश्वकोश आता नेटवर फुकट वाचता येतो, तेव्हा केवळ त्याच्यासाठी ग्रंथालय गाठायला नको. सण, व्रते, संत असा विषय असेल तर महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश बघावा. तो संदर्भ विभागात असतो, घरी मिळत नाही.

आता गठ्ठे. माझा जीव इथे आहे, हे आधीच सांगतो.

एका जुन्या वाचनालयात मी १९७३ ची बांधीव फाइल काढून घेतली होती. उचलायला दोघे लागले. पान उलटताना कडेचा कागद भुगा होऊन टेबलावर पडत होता. झेरॉक्सला मनाई, शाईच्या पेनलाही मनाई, म्हणून पेन्सिलीने उतरवत बसलो. सकाळभरात तीन पाने झाली. मोठ्या मथळ्यांतले बरेचसे ठाऊकच होते. आतल्या पानांवर मात्र रेशनवरच्या मिलोबद्दलच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीबद्दलच्या, तक्रारी होत्या, खडी फोडणाऱ्यांची मजुरी थकल्याच्या चार ओळी होत्या. घरी येऊन आजीला विचारले, "मिलो खाल्ला होतास का गं?" तिने लाल भाकरीचे, दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडी या पौष्टिक खाऊचे, सगळे सांगितले. "तेव्हा धान्याचा दुष्काळ होता रे, विहिरीला पाणी होतं," असेही म्हणाली. इतकी वर्षे तिला हे कोणी विचारले नव्हते. फाइल वाचली नसती तर मलाही विचारायचे सुचले नसते.

पण वेळ भरपूर जातो, आणि सगळीकडे हे मिळेल असेही नाही. ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे असतात. क किंवा ड दर्जाच्या गावच्या वाचनालयाकडे पन्नास वर्षांपूर्वीची वर्तमानपत्रे असण्याची आशा धरू नये. पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर (१८५०), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) अशा जुन्या संस्थांकडे आधी चौकशी करावी. फोन करून नेमके वर्ष सांगावे. गठ्ठे माळ्यावर असतात, काढून ठेवायला त्यांनाही एखादा दिवस लागतो. एका ठिकाणी मी न कळवता गेलो आणि हात हलवत परतलो.

जिल्ह्याचे गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, स्थानिक विषयाला चांगले. भाषा कोरडी असते, एक-दोन नोंदी पुरतात.

स्पर्धा परवावर आली असेल तर मोबाइल आणि विश्वकोश यांवरच भागवा, फक्त प्रत्येक तारीख दोन ठिकाणी ताडून घ्या. आठवडा हातात असेल तर एक सकाळ गठ्ठ्यांना द्याच, आणि एक संध्याकाळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना. जे सापडेल ते एकेका कार्डावर लिहा. मागच्या बाजूला वर्तमानपत्राचे नाव, तारीख, पान. भाषण संपल्यावर परीक्षकांनी "हे कुठं वाचलंस?" असे विचारले, तर ते कार्ड त्यांच्यापुढे ठेवता येते.