इमर्जन्सी रिस्पॉन्स गाईडबुक २०२४: टँक कारवरचं लिखाण वाचायचं असेल तर हे हवंच, पण एवढ्यावर भागत नाही

अमेरिकेत किंवा कॅनडात रेल्वे लाईनजवळ राहणाऱ्यांनी हे केशरी पुस्तक (धोकादायक माल गळला किंवा पेटला तर सुरुवातीला काय करायचं ते सांगणारं) नाहीतर त्याचं ॲप ठेवाच, मी दोन्ही वापरतेय आणि मनापासून सांगतेय. दर ४ वर्षांनी नवीन आवृत्ती येते, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोची सरकारी खाती मिळून काढतात, ॲप फुकट आहे आणि पीडीएफपण फुकट मिळते.

वापर एकदम सोपा. टँक कारच्या, म्हणजे द्रव किंवा वायू नेणाऱ्या टाकीच्या वाघिणीच्या (मालडब्याच्या), दोन्ही बाजूंना आणि दोन्ही टोकांना चौकोनी प्लॅकार्ड, म्हणजे धोक्याची पाटी असते, एका कोपऱ्यावर उभी केलेली, आणि तिच्यावर नाहीतर शेजारच्या केशरी पट्टीवर ४ आकडी नंबर. तो पिवळ्या पानांत शोधायचा की गाईड नंबर मिळतो आणि मग केशरी पानांवर काय करायचं ते. उदाहरणार्थ १०७५ म्हणजे एलपीजी, गाईड ११५, आणि टँक कार आगीत सापडली असेल तर चारही बाजूंनी १६०० मीटर मोकळे करा असं स्पष्ट लिहिलंय. नंबर कळत नसेल पण नाव माहितीये, तर निळी पानं. ॲपमध्ये हेच सगळं सर्च करून पटकन मिळतं.

आता एक गोष्ट बरेच जण चुकवतात. १२०३ म्हणजे पेट्रोल आणि १२६७ म्हणजे कच्चं तेल, दोघांचाही गाईड १२८च, म्हणजे गाईड हा एका केमिकलचा नसतो, सारख्या वागणाऱ्या गटाचा असतो. आणि यादीत एखादं नाव हिरव्या रंगात दिसलं (क्लोरीन १०१७, अमोनिया १००५ वगैरे) आणि आग नसून नुसती गळती असेल तर केशरी पानावरच्या अंतरावर थांबायचं नाही, हिरव्या पानांत जायचं, कारण हे श्वासातून घात करणारे वायू आहेत आणि तिथे दिवस-रात्र वेगवेगळी अंतरं दिलीयत, क्लोरीन-अमोनियासारख्या ६ वायूंसाठी तर रेल्वे टँक कारची मोठी गळती वाऱ्याच्या वेगाप्रमाणे वेगळी मांडलीय. पुस्तकातला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

पण खरी माहिती प्लॅकार्डपेक्षा टाकीवर रंगवलेल्या अक्षरांत असते आणि इथे पुस्तक कमी पडतं असं माझं मत. डाव्या बाजूला २ ते ४ अक्षरं आणि नंबर असतो तो वाघिणीची ओळख, शेवटी एक्स असेल तर ती वाघीण रेल्वे कंपनीची नाही, खाजगी मालकीची (जीएटीएक्स, यूटीएलएक्स बघितलंच असेल). एवढं फोनवर सांगितलं की रेल्वे कंपनी आत काय भरलंय ते शोधू शकते. उजव्या बाजूला स्पेसिफिकेशन, समजा डॉट १०५जे५००डब्ल्यू: डॉट म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याचा नियम, १०५ हा टाकीचा वर्ग, जे म्हणजे जॅकेटखाली उष्णतेपासून संरक्षण आणि टोकांना शील्ड, ५०० पीएसआय (दाब मोजायचं एकक) हा टाकीच्या चाचणीचा दाब, डब्ल्यू म्हणजे वेल्डिंग केलेली. तेच १११ए१००डब्ल्यू१ दिसलं तर साधी, कमी दाबाची टाकी. २०१३ साली कॅनडातल्या लॅक-मेगँटिकला कच्च्या तेलाच्या गाडीत ४७ माणसं गेली त्या गाडीच्या टाक्या १११ वर्गाच्याच होत्या.

पुस्तकात वाघिणींच्या आकाराचं एक पान आहे, दाबाची टाकी असेल तर गाईड ११७ आणि कमी दाबाची असेल तर १३१ असं सुचवतं, पण तो शेवटचा उपाय म्हणून, हे पुस्तकच बजावतं. दाबाची टाकी ओळखायची तर वर एकच संरक्षक घुमट बघा, बाकी सगळे व्हॉल्व्ह त्याच्या आत. त्या पानावर अक्षरांचा अर्थ थोडा जास्त उलगडला असता तर किती बरं झालं असतं.

हे मी इतकं का सांगतेय, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाईनला ३८ डबे घसरले तेव्हा आगीत प्लास्टिकची प्लॅकार्डं जळून गेली, आणि आत काय आहे हे अग्निशमनवाल्यांना वेळेवर कळलं नाही. म्हणजे ४ आकडी नंबरावर सगळी मदार ठेवता येत नाही, टाकीवरची अक्षरंही वाचता यायला हवीत.

ॲप की पुस्तक? ॲप शोधायला पटकन, पण बॅटरी गेली की संपलं, म्हणून गाडीत छापील प्रत ठेवा. आणि अक्षरं वाचायला जवळ जाऊ नका हो, वारा पाठीवर घेऊन, उंचावरून, लांबून दुर्बिणीनेच बघा. ५ पैकी ४ स्टार, अर्धा स्टार त्या अक्षरांच्या पानासाठी कापला आणि अर्धा ॲपच्या बारीक अक्षरांसाठी.